उतरलेली पट्टी

एकेकाळी या बँडच्या कार्यक्रमाचं तिकीट मिळायचं नाही. आता तिकीट घेणारे मिळत नव्हते. त्यांचं ब्लूज रॉक ऐकणारे आपापल्या नातवंडांत रमले होते. तरी नववा अल्बम काढायचाच, असं दादाने मनावर घेतलं आणि मग कुणाची मात्रा चालेना. दादा गायचा, धाकटा भाऊ गिटार वाजवायचा. बेसवाला आणि ड्रमवाला पहिल्यापासूनचेच.

रेकॉर्डिंग एका बंद पडलेल्या छापखान्यात चाललं होतं. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या टेकवल्या होत्या. धाकटा रोज सगळ्यांच्या आधी येऊन गिटार आणि बेस स्वतः सुरात लावायचा. या कामाला त्याने दुसऱ्या कुणाला कधी हात लावू दिला नाही, आणि त्याला कारण होतं. सहा वर्षांपूर्वी दादाचा आवाज वरच्या सुरांना अडखळू लागला, तेव्हापासून धाकट्याने पट्टी गुपचूप खाली आणली होती. आधी अर्धा स्वर, मग एक, आता दीड. बेसवाल्याला ठाऊक होतं. तो मूग गिळून गप्प होता. दादा मात्र भेटेल त्याला सांगायचा, की आपला आवाज अजून पंचविशीतला आहे. खरं कळलं असतं तर तो माइक ठेवून घरी गेला असता. अल्बम बुडाला तर बुडाला, त्याचं धाकट्याला फारसं काही नव्हतं. पण गाणं सुटलं तर दादाचं काय होईल, याची त्याला धास्ती होती.

शेवटी त्यांचं जुनं गाजलेलं गाणं नव्याने घ्यायचं होतं. त्यासाठी ड्रमवाल्याने मोठ्या हौसेने, कुणाला न विचारता, एक माउथ ऑर्गनवाला बोलावला. त्या बिचाऱ्याने जुनी रेकॉर्ड ऐकून तयारी केली होती आणि नेमका त्याच पट्टीचा माउथ ऑर्गन आणला होता. गिटारच्या तारा सैल करता येतात, माउथ ऑर्गनला तशी सोय नाही. त्याने फुंकर मारली आणि सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. त्याने पुन्हा वाजवून पाहिलं, मग अगदी सरळपणाने सांगितलं, की तुम्ही दीड स्वर खाली वाजवताय.

ड्रमवाला हातातल्या काठ्या न्याहाळू लागला. धाकट्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दादा हेडफोन काढून त्याच्यासमोर येऊन उभा राहिला.

"कधीपासून?"

"सहा वर्षं झाली, दादा."

धाकट्याने शिव्या खायची तयारी केली. पण दादाने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि त्यावर बसला. माइकसमोर तो कधी बसत नसे.

"अजून अर्धा उतरव," तो हळूच म्हणाला. "वर्षभर घसा फाटतोय. तुला सांगायची लाज वाटत होती."

धाकट्याचे डोळे भरून आले. त्याने गिटार मांडीवर घेतली आणि सगळ्यांसमोर तारा सैल करायला लागला.