आम्ही त्यातले नाही

विलो बेंडच्या रस्त्याखालचे पाण्याचे पाइप सत्तर वर्षांचे, आणि संजीव काकांचा तोरा त्याहूनही जुना. पाइप बदलता येतात हो. तोऱ्याचं काय करायचं, हे उपासना मेश्रामला कुठल्याच इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवलं नव्हतं.

उपासना नागपूरची. ॲन आर्बरला मास्टर्स केलं आणि तिथून पंचवीस मैलांवरच्या एका छोट्या टाउनशिपच्या, म्हणजे गावपालिकेच्या, पाणी खात्यात लागली, त्याला नऊ वर्षं होत आली. विलो बेंड ही तिथली सगळ्यात जुनी वस्ती. एकसष्ट घरं. मोटारीचे सुटे भाग बनवणारा कारखाना होता तोवर बरं चाललं होतं. कारखाना बंद पडला आणि माणसं तिथेच म्हातारी झाली. त्यात चौदा घरं मराठी. नळाचं पाणी चहासारखं यायचं, आणि तपासणीत शिसं निघालं तेव्हापासून घरोघरी बाटल्यांच्या पेट्या वाहणं सुरू झालं होतं.

राज्य सरकारकडे जुने पाइप बदलायला पैसे होते. नियम सरळ होता. वस्ती 'डिसॲडव्हान्टेज्ड', म्हणजे कमी उत्पन्नाची, ठरली तर सगळा खर्च सरकारचा. नाही ठरली तर कर्ज, आणि ते घरमालकांनी फेडायचं, दर घरामागे चौदा हजार डॉलर. ठरवायचं कसं? प्रत्येक घराचं उत्पन्न लिहून घ्यायचं, एकसष्ट आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत मांडायचे आणि बरोबर मधला बघायचा. तो बावन्न हजारांच्या खाली असला की काम फत्ते.

उपासनाला खात्री होती. वस्तीतल्या मिसेस कोवाल्स्की एकोणीस हजारांत वर्ष काढत होत्या, त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. नवरा गेला, राहिलं घर आणि परसातली टोमॅटोची रोपं. "हनी, चौदा हजार मागितले तर मला घर विकावं लागेल," त्या म्हणाल्या होत्या, आणि उपासनाने, चुकलंच तिचं, हसून सांगितलं होतं, "तशी वेळ येणार नाही."

मार्चमध्ये फॉर्म परत आले. मधला आकडा निघाला त्रेपन्न हजार शंभर. त्याच्या खालचा होता एकावन्न हजार. म्हणजे वर बसलेलं एक घर, फक्त एक, खाली सरकलं असतं तरी मधला आकडा रेषेखाली आला असता!

तिने फॉर्म पुन्हा चाळले. निवृत्त ड्राफ्ट्समन संजीव काका, उत्पन्न दोन लाख दहा हजार. कारखान्याची अर्धीमुर्धी पेन्शन खाणारा माणूस, अन् दोन लाख दहा? दुसरं मराठी घर, एक लाख ऐंशी. तिसरं, दीड. तिला कळेना हे काय चाललंय.

कळलं ते दीपामुळे. दीपा त्याच वस्तीतली, दातांच्या दवाखान्यात काम करणारी, नवराबायको दोघं कमावते. तिने मराठी मंडळाच्या ग्रुपवरचा मेसेज पाठवला. मंडळाचे अध्यक्ष अर्थात संजीव काका. 'मित्रहो, ज्याला कंटाळून देश सोडला तेच आता इथे दारात आलं आहे. आपल्याला बॅकवर्ड म्हणून सर्टिफिकेट देणार आहेत. कोणीही कमी उत्पन्न लिहू नये. मुलांचे पगार धरा, तेही आपल्याच घरचे. आम्ही त्यातले नाही.' खाली अंगठ्यांची ही एवढी रांग.

"मीपण अंगठा दिला गं," दीपा फोनवर म्हणाली. "आमचं तसंही वरच आहे. पण सगळ्यांनी दिला ना, यार, एकटीने कसं नाही द्यायचं?"

उपासनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरात नाही दाणा आणि हवालदार म्हणा! काकांचा पोरगा अमन दूर क्युपर्टिनोत कमावतो आणि तिथेच खर्च करतो. त्याचा पगार बापाच्या घराचा कसा झाला? फॉर्मवर ठळक लिहिलं होतं, त्याच छताखाली राहणाऱ्यांचंच उत्पन्न धरा. दुरुस्तीला शुक्रवारपर्यंत मुदत होती. सही करून खरा आकडा लिहिला की पुरे. बुधवारी संध्याकाळी ती काकांच्या घरी गेली.

दार सरला काकूंनी उघडलं. उजवा खांदा पट्ट्यात बांधलेला. पाण्याची पेटी उचलताना लचकला होता. तशाच हाताने त्यांनी बाटलीचं पाणी ओतून चहा ठेवला.

"काका, फॉर्ममध्ये अमनचा पगार धरलाय तुम्ही. तो इथे राहत नाही. दुरुस्त करून द्या, म्हणजे ग्रँट मिळेल."

"आम्ही कोणाकडे मागायला गेलो नव्हतो," काका म्हणाले.

"मागणं नाहीये हे. चाळीस वर्षं टॅक्स भरलात, त्यातलेच पैसे आहेत."

"हे बघ उपासना. मी या देशात आलो ते मेरिटवर. मागास म्हणवून घ्यायला नाही आलो. मेश्राम ना तू? मग तुला नाही कळायचं. तुम्हा लोकांना असले फॉर्म भरायची सवय असते."

घ्या! हातात चहाचा कप असताना, स्वतःच्या सोफ्यावर बसवून. उपासनाने कप खाली ठेवला.

"आहे ना सवय," ती म्हणाली. "माझ्या बाबांनी फॉर्म भरले, हक्काची स्कॉलरशिप घेतली, इंजिनिअर झाले. त्यांनी कधी खोटा आकडा नाही लिहिला. खोटं तुम्ही लिहिलंत काका. काहून? कोणाला भिता एवढे?"

"अहो, करा ना सही," काकू दारातून म्हणाल्या. "माझा हात बघा जरा."

"तू आत जा." काका उभे राहिले. "आणि तू, पुन्हा या कामासाठी माझ्या दारात यायचं नाही."

बाकीच्या मराठी घरांनी एकच विचारलं, संजीवरावांनी केली का सही? नाही ना, मग आम्हाला कशाला पुढे करता? शुक्रवार गेला. जूनमध्ये राज्याचं पत्र आलं, वस्ती पात्र नाही. आणि ऑगस्टमध्ये एकसष्ट घरांत चौदा हजारांच्या नोटिसा पडल्या.

त्यानंतरच्या सभेत काय गंमत झाली बघा. सगळ्यात मोठा आवाज त्याच चौदा घरांचा! टाउनशिप झोपली होती का, इंजिनिअरला फॉर्म भरता येत नाहीत का, असल्यांना नोकरीवर ठेवतं कोण? कोणाचा फॉर्म काय होता हे सांगायची तिला बंदी होती. दात-ओठ खात ती उभी राहिली आणि तिने शिव्या खाल्ल्या.

मिसेस कोवाल्स्कींनी सप्टेंबरात घर विकलं, ओहायोत बहिणीकडे गेल्या. जाताना टोमॅटोची पिशवी घेऊन ऑफिसात आल्या. "तुझ्यावर राग नाही, हनी. एवढी चांगली कमाई करणारे लोक शेजारी आहेत हे मला माहीतच नव्हतं. गुड फॉर देम." आणि त्या मनापासून म्हणाल्या, हे तर आणखीच वाईट. उपासना पिशवी धरून बाथरूममध्ये जाऊन रडली.

ऑक्टोबरात, जेवणाच्या सुट्टीत काउंटरवर कोणी नसताना, संजीव काका आले. टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली.

"ते... सिनिअर लोकांना काही सवलत असते म्हणे. हप्ते वगैरे."

असते. कमी उत्पन्नवाल्यांना पंधरा वर्षांचे बिनव्याजी हप्ते. तिने फॉर्म पुढे सरकवला. काकांनी मागे वळून दाराकडे पाहिलं.

"अमनला विचारलं होतं. म्हणाला, डॅड, जस्ट सेल द हाउस." त्यांनी पेन घेतलं. "मंडळात कोणाला कळणार नाही ना?"

"नाही कळणार."

त्यांनी उत्पन्न लिहिलं. एकतीस हजार चारशे. खरं. उपासना त्या आकड्याकडे बघत राहिली. तिला तो फॉर्म त्यांच्या तोंडावर फाडावासा वाटला, अगदी मनापासून वाटला.

"हाच आकडा मार्चमध्ये लिहिला असता काका, तर कोणालाच एक पैसा पडला नसता. मिसेस कोवाल्स्की आज त्यांच्या घरात असत्या. तुमचं एक घर पुरेसं होतं."

काकांनी टोपी आणखी खाली ओढली. मग म्हणाले, "झालं ते झालं. तू आपलं माणूस म्हणून एवढी मदत कर."

आपलं माणूस! आता?

"मदत हवी असेल तर मंडळात मागा," उपासना म्हणाली. "मी तुमची कोणी नाही आणि तुमच्यावर उपकारही करत नाही. हा तुमचा हक्क आहे, म्हणून मिळतोय. इथे सही करा."

काकांचं पेन कागदावर टेकलं आणि तिथेच थांबलं. फॉर्मच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, मी या सवलतीस पात्र आहे. बाहेर कोणाची तरी पावलं वाजली, तसे ते दचकले आणि त्यांनी घाईघाईने सही केली.