कानाने पास

रविवारी सकाळी मुलीने व्हॅन बापाच्या गॅरेजात आणली, इंजिन चालूच ठेवलं आणि दार असं आपटलं, की फळीवरचे पाने खडखडले. ही तिसरी खेप होती.

"बाबा, आवाज येतोय. अजून येतोय!"

बापाने बॉनेट उघडलं, दोन्ही हात पत्र्यावर टेकले आणि डोळे मिटले. या ध्यानस्थ मुद्रेवर गिऱ्हाइकं फिदा होती. म्हाताऱ्याची रीतच तशी. काम झालं की गाडी चालू करायची, डोळे मिटून ऐकायचं आणि म्हणायचं, "पास." पट्टी लावून बघणं, यंत्राने तपासणं हे त्याच्या मते कच्च्या लोकांचे धंदे. त्याच्या कानाने पास झालेली गाडी रस्त्यात दगा देत नाही, असं अख्खा बाजार म्हणायचा.

चिव चिव चिव चिव, इंजिनाचा पट्टा ओरडत होता. शेजारच्या शिंप्याने मशीन थांबवून मान बाहेर काढली.

"काही नाही," बाप म्हणाला. "गाडी ठणठणीत आहे. तुझे कान वाजतायत."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कान वाजतायत? व्हॅनमधली शाळेची पोरं गाडीला 'चिमणी' म्हणायला लागली होती आणि तिला 'चिमणीताई'. पोरांचं सोडा, पण शुक्रवारी शाळेच्या सरांनी फाटकापाशी सगळ्यांदेखत सुनावलं होतं, "सोमवारी हा आवाज आला तर गाडी आत घेणार नाही. मुलांच्या जिवाशी खेळ नको." त्यांचं काय चुकलं? याच पट्ट्यावर पाण्याचा पंप चालतो, याच्यावरच स्टिअरिंग हलकं होतं. शाळेच्या उतारावर तो तुटला, तर आत बसलेल्या पोरांचं काय, या विचाराने तिला रात्री झोप नव्हती. आणि व्हॅन बंद झाली तर तिचं पोट कशावर चालायचं?

समोर दुसरं गॅरेज होतं. पण बापाचं गॅरेज सोडून सख्खी मुलगी समोरच्याकडे गेली असती, तर संध्याकाळपर्यंत बापाची अब्रू चव्हाट्यावर आली असती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

"दोनदा पट्टा बदललात," ती म्हणाली. "दोन दिवस गप्प बसतो आणि पुन्हा सुरू. तुम्ही डायनॅमो काढून बसवलात ना, तेव्हापासून आहे हे."

"क्लच नीट दाब. निम्मे आवाज चालवणाऱ्याच्या पायातून येतात."

गॅरेजच्या मागेच घर. आई चहा घेऊन आली होती, ती दारातच थबकली. "अहो, मला स्वयंपाकघरात ऐकू येतोय की आवाज!"

"तुला काय, भिंतीसुद्धा हाका मारतात."

"हो ना! आणि तुम्हाला दारावरची बेल वाजली तरी हलायला नको. माणसं ताटकळून परत जातात आणि हे आपले नवाबासारखे पेपर वाचत बसलेले!" गेलं वर्षभर आईची हीच तक्रार होती. कप तिने जरा जोरातच ठेवला.

मुलीने पाण्याची बाटली उचलली. ही परीक्षा बापानेच तिला शिकवली होती. चालत्या पट्ट्याच्या खाचांवर थोडं पाणी मारायचं. आवाज वाढला तर पट्टा सैल. गप्प होऊन पुन्हा आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. तिने लांबूनच पाणी मारलं.

चिवचिव थांबली. क्षणभर नुसती इंजिनाची घरघर, आणि मग पुन्हा चिव चिव.

"बघा आता!" असं म्हणत ती वळली आणि तिथेच थांबली. बाप पट्ट्याकडे बघतच नव्हता. तो तिच्या तोंडाकडे बघत होता, टक लावून.

"सांग," तो घाईने म्हणाला. "काय झालं ते तू सांग. शिकवलंय ना मी?"

मास्तरकीचा आव बरोबर होता, फक्त डोळे विद्यार्थ्याचे होते. बोलणं, घरघर यांना ऐकू येते; ही बारीक चिवचिव येतच नाही!

"थांबला," ती सावकाश म्हणाली. "आणि परत आला."

"मग पुली सरकलीय!" बापाने चटकन इंजिन बंद केलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने पुल्यांवर पोलादी पट्टी टेकवली. डायनॅमोची पुली नखभर मागे होती. तो बराच वेळ त्या नखभर फटीकडे बघत राहिला. मग बाकावरच्या सुट्या बोल्टांच्या ताटलीत बोटं फिरवून त्याने एक जाड वॉशर उचलला. डायनॅमो बसवताना ब्रॅकेटमागे घालायचा राहिलेला. पट्टी लावली असती तर त्याच दिवशी कळलं असतं. पण गाडी तर कानाने पास झाली होती.

तिला रडू यायला हवं होतं, पण आला तो संतापच. माझ्या पायाला नावं ठेवलीत, माझे कान वाजतात म्हणालात, आईला वेड्यात काढलंत. आणि पोरं रोज त्या उतारावरून जात होती! कशासाठी? तर 'बहिरा' या एका शब्दाची लाज वाटली म्हणून!

वॉशर बसला, पट्टा चढला. तिने गाडी चालू केली. इंजिन गुरगुरलं. चिमणी उडून गेली होती.

बापाने डोळे मिटले नाहीत. त्याने तिच्याकडे बघितलं. तिने मुद्दाम चेहरा कोरा ठेवला. हसली नाही, मान हलवली नाही, भुवईसुद्धा नाही. तो वाट बघत राहिला. फडक्याला हात पुसले, परत पुसले. 'पास' काही तोंडातून निघेना.

"गेला का गं?" शेवटी त्याने विचारलं.

"गेला," ती म्हणाली. "आणि उद्या पोरांना शाळेत सोडलं की तुम्हाला कानाच्या डॉक्टरकडे नेणार. नाही म्हणालात तर गाडी कायमची समोरच्याकडे!"

"ओरडू नकोस. ऐकू येतंय मला."

आई इतका वेळ दारातच उभी होती. तिने एकदा मुलीकडे बघितलं, एकदा नवऱ्याच्या पाठीकडे. मग हात वर करून तिने घराच्या दारावरची बेल दाबली. बेल पाखरासारखी चिवचिवली. शिंप्याने पुन्हा मान बाहेर काढली. आईने बोट काढलं नाही.

बाप फडक्याला हात पुसत राहिला.