मास्तरणीनं शिवलेलं पोतं

मास्तरीण शाळेत शिकवायला कधी गेली नव्हती. वडील शिलाईमास्तर, त्यांच्यामागं दुकान तिनं चालवलं, म्हणून ती मास्तरीण. तिला गर्व एकाच गोष्टीचा होता, फिटिंगचा. तिच्या हातचा कपडा अंगाला असा बसायचा, की गिऱ्हाईक आरशासमोरून हलायचं नाव घेत नसे. दुकानातून बाहेर पडणाऱ्या कपड्याच्या कॉलरला ती दुकानाच्या नावाची निळी पट्टी लावी. पण ढगळ कपड्याला पट्टी नाही. एकदा एका म्हाताऱ्यानं हट्टानं सैल सदरा शिवून घेतला, तर तिनं शिवून दिला, पट्टी मात्र लावली नाही. म्हाताऱ्याला पत्ताच नव्हता, आणि मास्तरणीला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

तिचा धाकटा भाऊ काही दुकानात टिकला नाही. सातव्या वर्षी त्याच्या बोटात सुई शिरली, तेव्हा जो पळाला, तो पुन्हा मशीनजवळ फिरकला नाही. आणि मोठा होऊन त्यानं करावं काय? मधमाश्या पाळल्या! एका सुईला भिणाऱ्या माणसानं घरामागं चौदा पेट्या मांडून लाखभर नांग्या सांभाळायला घेतल्या. नऊ वर्षं त्यानं त्या पोटच्या पोरांसारख्या सांभाळल्या.

आणि गेल्या आठवड्यात हा भाऊ भर दुपारी सहाव्या पेटीपाशी कोसळला. माशी चावून नव्हे, अंगातल्या सुटामुळं. तो सूट त्यानं हौसेनं बाहेरून मागवलेला. थंड हवेच्या मुलखातल्या माणसांसाठी केलेला, दुहेरी जाड कापडाचा. आत नांगी शिरत नव्हती हे खरं, पण वाराही शिरत नव्हता. भावजयीनं त्याला सावलीत ओढत नेलं, सुटाची चेन उघडली, डोक्यावर बादली ओतली, तेव्हा त्यानं डोळे उघडले. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास गेला असता तर सांगता आलं नसतं.

"सोन्याची सुरी झाली म्हणून कुणी उरात खुपसून घेतं का, वन्सं?" भावजय म्हणाली. "पेट्या घेणारा माणूस शोधलाय मी. रविवारी चार वाजता टेम्पो येईल. मला मध नको, नवरा हवाय."

भाऊ भिंतीकडं तोंड करून पडून होता. हो नाही की नाही नाही. भांडणारा, वाद घालणारा, दार आपटणारा भाऊ मास्तरणीच्या ओळखीचा होता. हा गप्प पडलेला माणूस तिला पाहवेना. पेट्या गेल्या तर हा असाच राहील, हे तिला कळून चुकलं.

"मी शिवते सूट," ती म्हणाली. "इथल्या उन्हात घालता येईल असा."

भावजयीनं नणंदेकडं पाहिलं. नाही म्हणायचं तिच्या जिवावर आलं असावं. "ठीक आहे. रविवारी बारा वाजता, त्याच उन्हात, यांनी चौदाच्या चौदा पेट्या उघडून दाखवाव्यात. जरा जरी तोल गेला, तरी मी ऐकणार नाही. टेम्पो भरायचा."

गुरुवारपर्यंत मास्तरणीनं पांढऱ्या झुळझुळीत सुती कापडाचा सूट तयार केला. काय फिटिंग होतं! खांद्याला चिकटून, गुडघ्याला बेतून. भाऊ आरशात वळून वळून बघत होता, सात दिवसांत पहिल्यांदा हसला होता. शुक्रवारी सकाळी त्यानं धूर करून एकच पेटी उघडली आणि अकरा डंख घेऊन परत आला.

"गार मात्र आहे हं ताई," तो सुजल्या खांद्यानं म्हणाला.

भावजयीनं डंख मोजले. तिनं टेम्पोवाल्याला फोन करून वेळ पक्की केली.

मास्तरीण तशी सहजासहजी हार खाणारी नव्हती, पण त्या दिवशी तिला खरंच रडू आलं. मग डोळे पुसून तिनं भावाला तोच सूट पुन्हा चढवायला लावला. "कुठं कुठं चावली दाखव," म्हणत प्रत्येक डंखावर खडूनं फुली मारली. खांद्यावर चार, कोपरांवर दोन, गुडघ्यांवर तीन, आणि वाकल्यावर कापड जिथं तंग होतं तिथं, मागं, दोन. मग ती दोन पावलं मागं सरली आणि बघतच राहिली. पाठीवर डावीकडं एक चुणी राहून गेली होती. ती चुणी तिला कालपासून खुपत होती. आणि नेमकं तिथंच एकही फुली नव्हती.

"मेल्या माश्यांनी माझं फिटिंगच शोधून काढलं रे!" ती म्हणाली.

कापड अंगाला टेकलं की नांगी पोचते, सुटं राहिलं की पोचत नाही. एवढी साधी गोष्ट, पण तीस वर्षं कापड अंगाला टेकवण्यातच गेलेल्या बाईला ती सुचावी कशी?

पुढच्या गल्लीत बॅगा शिवणारा होता. सॅकच्या पाठीला लावतात ती जाड, दाबली की वर येणारी जाळी तिनं त्याच्याकडून आणली. तिच्या आतून एक पातळ जाळी, बाहेरून एक पातळ जाळी. तोंडासमोर धरून फुंकर मारली तर वारा आरपार गेला, दाभण मात्र आतपर्यंत पोचेना. मग तिनं कापायला घेतलं. मापापेक्षा चार बोटं जास्त ठेवायचं होतं, तर कात्री आपोआप आत वळायची. "ए, बाहेर!" म्हणत ती स्वतःच्याच हाताला दटावत होती. मनगटांना आणि पायांना इलॅस्टिक. डोक्याला रुंद काठाची गवती टोपी, म्हणजे तोंडावरची काळी जाळी नाकाला टेकायला नको. शनिवारी सूट झाला. हँगरला लावला तर पोतं वाळत घातल्यासारखा दिसत होता. पट्टी लावायचा प्रश्नच नव्हता.

रविवारी बारा वाजता ऊन नुसतं भाजून काढत होतं. भावजय बादली आणि ओला टॉवेल घेऊन मागच्या पायरीवर उभी. तिच्या शेजारी मास्तरीण, शिलाईची पिशवी घट्ट धरून. भाऊ सूट सळसळवत पेट्यांकडं गेला. पहिली, दुसरी, तिसरी. माश्या त्याच्या खांद्यावर बसत होत्या, उठत होत्या. सहाव्या पेटीवर तो वाकला आणि वाकलेलाच राहिला. हलेना, की बोलेना.

भावजयीनं बादली उचलली. मास्तरीण पायरी उतरली.

तेवढ्यात भावानं हात वर केला. "राणी दिसली! केवढी अंडी घातलीयेत बघ हिनं!"

"मेलं ते राणीचं कौतुक," भावजय पुटपुटली आणि बादली खाली ठेवली.

चौदावी पेटी बंद करून तो स्वतःच्या पायांनी चालत आला. टोपी काढली. तोंड लाल होतं, पण डोळे चमकत होते. भावजयीनं न विचारता त्याच्या मानेमागून आत हात घातला. घाम होता, पण वाऱ्यानं गार झालेला. "आत हात फिरतोय की, वन्सं," ती म्हणाली आणि पायरीवर बसून हमसून हमसून रडायला लागली. मास्तरणीचा जीव भांड्यात पडला. मग भावजयीनं नाक पुसलं, फोन उचलला आणि टेम्पो नको म्हणून सांगितलं.

फोन ठेवताना तिचं लक्ष नवऱ्याच्या कॉलरकडं गेलं. "वन्सं, तुमची पट्टी कुठंय?"

"त्याला कसली पट्टी? पोतं आहे नुसतं."

"असू दे पोतं. याच पोत्यानं माझा माणूस धड परत आणलाय. आत्ताच्या आत्ता लावा."

पिशवीत सुईदोरा आणि एखादी पट्टी असायचीच. मास्तरणीनं भावाला तसंच उभं केलं आणि कॉलर धरली. डोळे भरून आले होते, सुईचं टोक धड दिसत नव्हतं. तीस वर्षांत चुकला नव्हता तो टाका तिथं चुकला.

"आई गं!"

भावजय बादली घेऊन धावली. "कुठं चावली? कुठं?"

"माशी नाही," भाऊ मान चोळत म्हणाला. "ताई."

पण या वेळी तो पळाला नाही. मान खाली घालून, दात-ओठ खात, पट्टीच्या चारी बाजू शिवून होईपर्यंत तो तिथंच उभा राहिला.