पाच मुठी मीठ

बस अकाबा बंदरातून निघाली तेव्हा सकाळचे सातही वाजले नव्हते, आणि कोकिळाच्या मांडीवरचा डबा ताईबाईने तोवर तीनदा उघडून पाहिला होता. डब्यात ज्वारीच्या बिबड्या होत्या, भाजलेल्या पापडांसारख्या कुरकुरीत. पिंप्राळ्याहून निघून, विमानात बसून, जहाजावर चढून त्या अजून शाबूत होत्या, पण आता काही खरं नव्हतं.

"अक्का, मोडतील ना!"

"मोडू दे वं. हातले काही चाळा पाहिजे."

कोकिळा जळगावची, आणि ताईबाई तिची थोरली जाऊ, साक्रीकडच्या खेड्यातली. दोघींनी जन्मात पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पूर आलेली तापी. आणि आता तीन दिवस खाली समुद्र, वर आभाळ, मध्ये या दोघी! कोकिळाची लेक दिपमाला त्या जहाजाच्या बेकरीत पाव भाजते. घरच्या दोघांना आणायची सोय मिळाली, तेव्हा ती फोनवर म्हणाली, "पप्पांना एस.टी.तसुद्धा उलटी होते. अक्काला आण."

आज दिपमालाची ड्यूटी होती, म्हणून दोघीच उतरल्या होत्या. बस त्यांना जॉर्डन देशातली जुनी देवस्थानं दाखवून, मृत समुद्रावर नेऊन, संध्याकाळी परत आणणार होती. निघताना लेकीने एकच बजावलं होतं. "मला फोटो पाहिजे. अक्का पाण्यावर तरंगताना. त्या समुद्रात इतकं मीठ आहे की माणूस बुडतच नाही. कुणीही तरंगतं!"

"कोनी बी?" ताईबाईने विचारलं होतं.

बास, तेवढंच. पण ते ऐकल्यापासून कोकिळाच्या साखरभातात खडा आला होता.

कारण त्यांच्या सासरी बाजरीचं बी पेरायच्या आधी मिठाच्या पाण्यात टाकत. भरलेला दाणा बुडतो, पोचट वर येतो. वरचा गाळून कोंबड्यांना टाकायचा, खालचा पेरायचा. सासू इंदिराबाई दहा लिटर पाण्याला दोन किलो मीठ मोजून घ्यायची आणि मग वरून पाच मुठी आणखी टाकायची. एक कानबाईची, एक एकविरेची, एक सप्तशृंगीची, एक खंडोबाची, एक म्हसोबाची. देवाला माप लावायचं नाही, म्हणायची. एका वर्षी तिने वर आलेला दाणा ओंजळीत घेतला, लग्नाला पंधरा वर्षं होऊन कूस न उजवलेल्या थोरल्या सुनेसमोर धरला आणि म्हणाली, "हाई दख. हाई तू शे. पोचट."

कोकिळा तेव्हा बावीस वर्षांची, पोटात दिपमाला. आणि कोकिळा हसली होती. भीतीने म्हणा, बावळटपणाने म्हणा, पण फिस्सकन हसली होती. अठ्ठावीस वर्षं झाली. ताईबाईने कधी काही विचारलं नाही. उलट दिपमालाच्या बारशापासून प्रत्येक सुट्टीत पोरीला खांद्यावर नाचवलं. आणि आता आपण हिला कुठं घेऊन चाललो? जिथं सगळं तरंगतं तिथं! ही उतरली, वर आली, आणि सासूबाईंचं बोलणं तिला खरं वाटलं, म्हणजे?

मदाबा गावातल्या चर्चमध्ये ताईबाईने दारातच चपला काढल्या, तिच्या मागून बसमधल्या चार गोऱ्या बायकांनीही काढल्या. आत फरशीवर दीड हजार वर्षांपूर्वीचा नकाशा, रंगीत खड्यांचा. गाईड अमीन तिथलाच, पण भारतीय प्रवाशांबरोबर राहून हिंदी शिकलेला. त्याने नकाशातल्या नदीतला मासा दाखवला. "माँजी, ये देखो, समंदर का नमक चखा और वापस भागा!"

"शहाना शे," ताईबाई म्हणाली. "आपुन काय मासापेक्षा येड्या?"

पुढं नेबो डोंगर. वरून खाली तांबूस धुक्यात तो समुद्र दिसला, पितळी परातीसारखा चकाकणारा, आणि बसभर सगळे "ओ ओ" करून उठले. अमीनने सांगितलं, मूसा पैगंबर लोकांना घेऊन चाळीस वर्षं चालला, इथवर आला, देवाने त्याला पलीकडची जमीन दाखवली आणि म्हणाला, बघून घे, तुला जायला मिळणार नाही.

"दखाडं आनि जाऊ नही दिधं?" ताईबाई उखडलीच. "हाऊ कोनता न्याव?" तरी बसमधून उतरल्यावर तिने हात जोडले, आणि म्हाताऱ्या मूसाच्या नावाने एक बिबडी कठड्यावर ठेवली. तिथला राखणदार धावत आला. आता ओरडणार म्हणून कोकिळा डोळे मिटून उभी; तर त्याने बिबडी उचलली, हुंगली, कडकन चावली आणि दुसरी मागितली.

समुद्राच्या काठाला पांढऱ्या मिठाची किनार होती, गोधडीच्या काठासारखी. लोक कपडे बदलून धावत सुटले. कोकिळाने लेकीचा जुना पंजाबी ड्रेस चढवला, ताईबाईने लुगड्याचा कासोटा घट्ट मारला, आणि पाण्यापाशी आल्यावर कोकिळाचा धीर सुटला.

"अक्का, आपण काठावरच बसू. पाय बुडवू, फोटो काढू. काय?"

ताईबाईने तिच्याकडे पाहिलं. हसली नाही.

"तू जाय पहिले."

"मी?"

"तीन लेकरंस्नी माय तू. भरेल दाना. दखू दे माले, बुडस का तरंगस."

म्हणजे सगळं लक्षात होतं. कोकिळाच्या तोंडाला आधीच खारट चव आली. ती गेली, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. अमीन काठावरून ओरडला, "पीछे बैठो, कुर्सी समझ के!" ती बसली, आणि खालून कुणीतरी ढकलावं तशी तिची पावलं टुणकन वर आली. ड्रेस फुगला. कोकिळा रिकाम्या पिंपासारखी डुलायला लागली.

काठावर ताईबाई अशी हसली की पलीकडचे लोक वळून बघायला लागले.

"अवं माय! कोकिळा तरंगनी!" तिने बोट रोखलं, भोपळ्याएवढ्या पोटाच्या एका गोऱ्या माणसाकडे, त्याच्या काटकुळ्या बायकोकडे. "हाऊ बी! हाई बी! बठ्ठा पोचट!"

"अक्का, मी तेव्हा हसले होते," कोकिळाने एकदम सांगून टाकलं. "सासूबाई बोलल्या तेव्हा. मी..." तिला उभं राहून नीट बोलायचं होतं, पण समुद्र उभं राहू देईना. खाली दाबावी तितकी पावलं वर येऊन थेट ताईबाईकडे रोखली जात होती.

"माले माहीत शे. पन पाय खाले कर पहिले. मोठीले पाय दखाडस?"

"होत नाहीत हो खाली!"

ताईबाई वाकली, बोट पाण्यात बुडवलं, जिभेला लावलं. थू केलं. आणि तशीच वाकलेली राहिली, चाळीस हंगाम बी धुतलेली बाई, तोंडातली चव पारखत.

"कोकिळा, सासूबाई मीठ मोजी ल्ये. मंग पाच मुठी वरतून टाके."

"देवांच्या."

"जास्ती मीठमा भरेल दाना बी तरंगस. शेतकी ऑफिसना मानूस दर साल सांगे. म्हातारी आयके नही." ती सरळ झाली. "माप चुकनं व्हतं, बाई. बी नही."

आणि मागचा-पुढचा विचार न करता, कासोट्यासकट, चौसष्टाव्या वर्षी, ताईबाई पाण्यात बसली. लुगडं पसरलं, पैंजण घातलेली पावलं वर आली. दोघी जावा शेजारी शेजारी डुलत राहिल्या, एकमेकींचं मनगट धरून. अमीनने फोटो काढला. त्यात दोघींची तोंडं उघडी आणि डोळे मिटलेले आले, म्हणून त्याने दुसरा काढला, तोही तसाच आला.

परतीच्या बसमध्ये लुगडं वाळून पापडासारखं कडक झालं होतं. कोकिळाने लेकीला फोटो पाठवले आणि खांद्यावर डोकं टेकलेल्या जावेकडे पाहिलं. झोपली असेल असं वाटलं, तेवढ्यात ताईबाई ताडकन उठून बसली.

"कोकिळा! मंग इतला साल आपुन चांगलं बी फेकं?"

"हो की."

"कोंबड्यास्नी खादं?"

"त्यांनीच."

ताईबाईने थोडा विचार केला. मग डबा उघडून शेवटची बिबडी मोडली आणि अर्धी जावेच्या हातात दिली.

"तरीच," ती म्हणाली. "आपल्या कोंबड्या कश्या गोलमटोल व्हत्यात, याद शे का?"