आडव्या वाऱ्यात उतरताना

मित्रांनो, मी एक जुनं, दोन माणसांचं विमान आहे. माझी दोन चाकं पुढं छातीखाली आहेत आणि एक लहानसं चाक शेपटीखाली. त्यामुळं जमिनीवर मी नाक वर करून बसल्यासारखा दिसतो.

माझ्या पंखांवर कापड ताणलेलं आहे. कारखान्यात ते कारागिरांनी हातानं शिवलं होतं. बरीच वर्षं मी शिकाऊ वैमानिकांना फिरवलं. पुढं हवाई दलातून निवृत्त झालेल्या हिंमतरावांनी मला विकत घेतलं आणि येडशीजवळच्या आपल्या माळावर आणलं. तिथं त्यांनी मुरूम दाबून धावपट्टी केली. गावकऱ्यांनी माझ्या नाकावरच्या पंख्याला हार घातला. मला फार बरं वाटलं.

पण उतरायची वेळ आली की माझा जीव खालीवर होतो. माझं वजन पुढच्या चाकांच्या मागं आहे. वारा आडवा असला की शेपूट पुढं यायला बघतं. तेव्हा वैमानिकानं पायांखालची पेडलं झटपट दाबून मला सरळ ठेवावं लागतं. पाय क्षणभर उशिरा पडला, तर मी गर्रकन फिरतो.

हिंमतरावांचे पाय चपळ होते. नंतर त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मला तो पाय जड लागू लागला. त्यांची भाची शिवकन्या वैमानिक झाली होती. ती मागच्या सीटवर बसायची. तिथंही पेडलं आहेत. तिलाही तो उशीर जाणवत होता, पण ती गप्प राहायची.

त्या दुपारी रामलिंगच्या डोंगराकडून वारा सुटला. निघताना हरणाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "गुडघा सुजलाय. आज नका जाऊ."

"एक चक्कर मारून येतो," हिंमतराव म्हणाले आणि शिवकन्येला मागं बसवून निघाले.

परत येताना वारा वाढला होता. माझी पुढची चाकं टेकली, मग शेपटीचं टेकलं. तेवढ्यात वाऱ्यानं शेपूट ढकललं. मी उजव्या पायाची वाट पाहत राहिलो. मागं शिवकन्येचे पाय पेडलांवर होते, पण तिनं ती दाबली नाहीत. मग मी फिरलो. उजवा पंख मुरमावर आपटला, एक चाक मोडलं आणि धुरळ्यात सगळं थांबलं.

दोघं सुखरूप बाहेर आली. हिंमतराव माझ्या फाटक्या पंखाकडं पाहत राहिले.

"माझा पाय उशिरा पडतोय, हे तुला ठाऊक होतं?"

"व्हय, मामा."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्हीच शिकवलं मला. तुम्हाला कसं बोलायचं?"

हिंमतरावांनी माझं फाटकं कापड हातानं सारखं केलं. मग म्हणाले, "आत बसल्यावर मामा-भाची काही न्हाय. तू बोलायचं व्हतंस. अन् म्या ऐकायचं व्हतं."

त्यानंतर मी शेडमध्ये पडून राहिलो. माझ्यावर धूळ साचली, चिमण्यांनी घरटं केलं. आता आपल्याला मोडीत काढणार, असं वाटायचं. पण शिवकन्येनं मेकॅनिक बोलावला. नवा पंख बसला, सरकारी तपासणी झाली. हिंमतराव आपणहून मागच्या सीटवर बसले आणि शिवकन्या पुढं.

उतरताना वारा पुन्हा आडवा झाला. जमीन जवळ आली आणि माझं नाक बाजूला सरकलं.

"मामा, जमत न्हाय. परत वर घेते."

"घे," ते म्हणाले. त्यांचे हात मांडीवरच होते.

दुसऱ्या खेपेला तिनं मला हलकं टेकवलं. चाकं टेकली तरी तिचे पाय थांबले नाहीत. मी पुरता उभा राहीपर्यंत ती पेडलं दाबत होती.

मित्रांनो, भीती मला अजून वाटते. म्हणून एवढंच मागतो. माझ्यासारख्या जुन्या यंत्राला वापरा, पण त्याची देखभाल करा. आपले हातपाय थकले, तर वेळेवर जागा सोडा. आणि मागं बसलेल्याला धोका दिसला, तर पुढं बसलेला कितीही मोठा असो, त्यानं बोलावं. त्या दिवशी माझा पंख मोडला. पंख नवा मिळाला, माणसं मिळाली नसती.