धान्य बंद

सगळा घोळ झाला तो 'धान्य बंद' या दोन शब्दांनी. सारिका जळगावात शिक्षिका. तिच्या शाळेत तीन टप्प्यांच्या एका डाएटचं भलतंच वेड पसरलं होतं, आणि आईचे गुडघे धरले म्हटल्यावर लेकीने तो डाएट फोनवरून दोंडाईचाजवळच्या माहेरी पोचवला. पहिल्या टप्प्यात धान्य बंद, दुसऱ्यात थोडं थोडं सुरू, तिसरा जन्मभराचा. पनीर, अंडी, भाज्या असं ती पुढेही बरंच बोलली, पण आईने, म्हणजे प्रमिलाबाईंनी, तेवढे दोन शब्द उचलले आणि बाकीचं सोडून दिलं. धान्य कसं बंद करायचं हे त्यांना कोण शिकवणार? अख्खा जन्म उपास करण्यात गेला होता.

त्यांनी भाकरीला हात लावला नाही. यजमान उखर्डूनाना समोर बसून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भरीत चापायचे, तरी बाई ढळल्या नाहीत. वजन उतरेना म्हणून पहिला टप्पाच लांबत गेला. उतरणं राहिलं बाजूला, काटा वर चढला आणि पोट पुढे आलं.

मग मात्र त्या मनातून हादरल्या. त्यांची थोरली जाऊ बेबाबाई अशीच गेली होती. तिचं जेवण तुटत गेलं, पोट वाढत गेलं, आणि गाठ सापडली तोवर फार उशीर झाला होता. न खाता पोट वाढतं ते गाठीनेच, हे प्रमिलाबाईंच्या डोक्यात पक्कं बसलं. त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. आपली घटका भरली असं धरून त्यांनी कपाट उघडलं आणि चांगल्या साड्या सुनांच्या नावाने वेगळ्या काढल्या. नानांना वाटलं, बारीक झाल्यावर नव्या घ्यायचा बेत असेल.

वजन वाढल्याचं ऐकून सारिकाने आईला जळगावला बोलावलं आणि डॉ. ज्योत्स्नांकडे नेलं. डॉक्टरांनी आधी खाणं विचारलं. प्रमिलाबाईंनी ताठ मानेने सांगितलं. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी भगर नि बटाट्याची भाजी, संध्याकाळी उकडलेली रताळी, रात्री दूध-केळी. धान्याचा कण नाही.

सारिकाने कपाळावर हात मारला. एकादशी, दुप्पट खाशी म्हणतात. एकादशी पंधरवड्याने येते म्हणून निभतं, आईने ती रोज धरली होती.

डॉक्टर शहाण्या, हसल्या नाहीत. या डाएटमध्ये पिठूळ आणि गोड कमी करायचं असतं, आणि उपासाचा फराळ म्हणजे नेमकं तेच, हे त्यांनी समजावलं. डाएट तसा वाईट नाही, म्हणाल्या. सुरुवातीला वजन भराभर उतरतं, पण त्यात बरंचसं पाणीच असतं. वर्षभराने बघितलं तर तो इतर डाएटांच्याच रांगेत येऊन बसतो. जो पाळणं जमतं तोच कामाचा. तेव्हा मापात भाकरी, वरण आणि भरपूर भाजी खा, साबुदाणा एकादशीपुरता ठेवा.

प्रमिलाबाईंचं यातल्या कशाकडेच लक्ष नव्हतं. त्यांनी पदर तोंडाशी धरून हळूच विचारलं, "मंग मना पोटमा गाठ नई शे?"

सारिकाचं हसू जागच्या जागी विरलं. इतके दिवस आई काय उरात घेऊन फिरत होती, ते तिला आत्ता कळलं आणि स्वतःचीच लाज वाटली. डॉक्टरांनी आईला टेबलावर झोपवून पोट नीट तपासलं, आणि तरीही डोळ्यांतली भीती जाईना म्हणून शेजारच्या खोलीत सोनोग्राफीही केली. कुठे काही नव्हतं.

प्रमिलाबाई आधी हुंदके देऊन रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "म्हंजे मी नुसती जाडी शे." इतक्या आनंदाने हे म्हणणारी बाई त्या दवाखान्यात पहिलीच असावी.

बाहेर आल्या आल्या त्यांनी सारिकाचा फोन मागून घेतला आणि भाकरीच्या दळणासाठी नानांना लावला. "ऐका, जवारी दयी ठेवा. मी काही मरत नई आते."

पलीकडून नानांनी विचारलं, "अवं, पन तू मरी कव्हय राह्यनी व्हती?"