माझ्या बाजूचा बारका स्क्रू

जुना आहे मी, मित्रांनो, आणि लोखंडाचा आहे. बंदुकीच्या गोळ्या ओतायचा साचा. माझे दोन जाड ठोकळे, मागे लाकडी मुठी आणि डोक्यावर एक चपटी पट्टी. पट्टीच्या भोकातून वितळलेलं शिसं ओतायचं, ते थिजलं की पट्टीला लाकडी हातोडीने टोला द्यायचा. पट्टी एका स्क्रूवर गर्रकन फिरते, शिशाचं वरचं शेपूट कापते, आणि मुठी उघडल्या की गोळी टपकन खाली. काम एवढंच. पण तो स्क्रू फिरेनासा झाला तर मी आणि वाटेवरचा धोंडा सारखेच.

केंटकीच्या डोंगरात कोळशाच्या खाणीत राबणाऱ्या हॉबर्ट स्कॅग्जकडे मी आलो तो त्याच्या बंदुकीबरोबरच. त्या बंदुकीची नळी जगावेगळ्या मापाची. दुकानातली कुठलीच गोळी तिला बसत नाही, फक्त माझी बसते. त्यामुळे हॉबर्ट मला जिवापाड जपायचा. काम संपलं की पुसायचा, तेलाचं बोट फिरवायचा. त्याची लेक रोएना मोठी झाल्यावर शिसं ओतायला ती आणि देखभालीला तो, अशी वाटणीच झाली होती. दर हिवाळ्याच्या तोंडावर, हरणांचा मोसम उघडला की बापलेक मिळून डोंगरावर जायचे.

मग हॉबर्टला झटका आला. उजवी बाजू गेली आणि जीभही जड झाली. मी शेडमधल्या फळीवर पडून राहिलो. पावसाळी ओल, ना पुसणं ना तेल. स्क्रू गंजून असा बसला की पट्टी जागची हलेना. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण जास्त वाईट हॉबर्टचं वाटायचं. तो काही सांगायला जायचा, कुणाला कळायचं नाही, आणि तो गप्प बसायचा. हळूहळू त्याने बोलणंच सोडलं.

यंदा मोसम शनिवारी उघडणार होता. रोएनाने ठरवलं की डॅडींना गाडीतून डोंगराच्या पायथ्याशी न्यायचं, आणि त्यांच्याच बंदुकीचा आवाज त्यांना ऐकवायचा. तिने मला खाली काढलं आणि हॉबर्टला खुर्चीसकट शेडमध्ये आणून बसवलं.

तिचा नवरा डेल मनाचा लोण्यासारखा मऊ, हात मात्र राक्षसाचे. त्याने हाताला लागेल तो स्क्रूड्रायव्हर घेतला आणि लावला जोर. टोक सटकलं, स्क्रूची खाच सोलवटली. मी कळवळलो!

"अरे, हळू! खाच गेली तर धरशील कशात?" रोएना ओरडली.

"मग ड्रिल मारून उडवतो. एका मिनिटाचं काम."

"खबरदार! पट्टीची जागा केसभर हलली तरी गोळी वाकडी कापली जाईल. हा मेला की बंदूकही मेली."

तिने गंज सोडवणारं तेल स्क्रूच्या कडेने सोडलं, थांबली. मग शेगडीवर मला अंगभर ऊब दिली. खाचेत घट्ट बसेल असं टोक निवडलं, त्यावर हलके टोले दिले. स्क्रू ढिम्म.

"बा... जूला," हॉबर्ट म्हणाला.

डेल एक पाऊल सरकला.

"बाजूला!"

"झालो की, डॅडी! अजून किती होऊ? कोंबड्यांत जाऊन बसू का?"

रोएनाला वाटलं, उजेड अडतोय. तिने दिवा सरकवला, मग खुर्ची सरकवली. हॉबर्ट खुर्चीच्या हातावर डाव्या हाताने मारू लागला. "बाजूला, बाजूला!" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला सगळं कळत होतं, मित्रांनो, पण मला तरी कुठे तोंड आहे! शेवटी त्याने मान खाली घातली आणि तोंड मिटलं. डेलने ड्रिल उचललं.

"ठेव ते," रोएना म्हणाली. ती बापासमोर गुडघ्यांवर बसली. "डॅडी, तुम्ही बरोबरच सांगताय. मलाच कळत नाहीये. घाई नाही. मी बसलेय इथे."

तिने मला फडक्यात धरून त्याच्यापुढे केलं आणि वाट पाहिली. मग हॉबर्टने तिचं बोट धरलं आणि माझ्या कुशीवर नेऊन टेकवलं. काजळी आणि शिशाचा एक थेंब, बाकी काही दिसत नव्हतं. तिने लाकडाच्या काडीने तो थेंब उचकटला. खाली होता एक बारका स्क्रू! वरचा स्क्रू आपोआप सैल होऊ नये म्हणून त्याला कुशीतून आवळून धरणारा. तो सोडल्याशिवाय वरचा फिरणार कसा? माझी देखभाल हॉबर्टच करायचा, त्यामुळे लेकीला तो ठाऊकच नव्हता.

"अगं बाई! तुम्ही आम्हाला बाजूला व्हा नव्हता म्हणत, याच्या बाजूला बघा म्हणत होतात!"

बारीक टोकाने तिने आधी तो किंचित आवळला, मग उलटा फिरवला. कट्ट! वरचा स्क्रू मग दोन बोटांत आला. डेल ओशाळून हसला. "आणि मी कोंबड्यांत चाललो होतो!" हॉबर्ट अर्ध्या तोंडाने इतका हसला की त्याला ठसका लागला.

मला घासलं, तेल धुऊन काढलं, गोळी आत चिकटू नये म्हणून पेटत्या आगकाडीची धुरी दिली. शनिवारसाठी मी पुन्हा गोळ्या दिल्या, चकचकीत. पण खरी गंमत पुढे आहे. त्या दिवशी हॉबर्ट जेवायची वेळ होईपर्यंत बोलत राहिला. निम्मं कुणालाच समजलं नाही. तरी रोएना उठली नाही, आणि डेलही एक खोकं ओढून शेजारी बसला.

मित्रांनो, वापरून झालं की आम्हा जुन्यांना पुसा, तेलाचं बोट लावा. स्क्रू अडला तर जोर करू नका, आधी बघा त्याला कोण धरून बसलंय. आणि घरात कुणी तोच तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणत असेल, तर कंटाळू नका. त्याच्याजवळ जाऊन बसा.